बिनब्रेकची सायकल

— आणि मला वाटलं होतं तुम्ही आल्या आल्या ओरडाल. खरंच. लुंबिनीचा दादा, फौजेतला, सुट्टीवर आलाय आणि नायगावहून लातूरला यायला निघालाय असं कळल्यापासून मी उत्तरं जुळवत बसले होते — असं म्हणाले तर असं म्हणेन, तसं म्हणाले तर तसं. आणि तुम्ही काय केलंत? दारात बूट काढलेत. अहो, सायकली ठेवायची खोली आहे ही, इथं सगळे चिखलासकट आत येतात. बूट काढलेत आणि हळू आवाजात म्हणालात, लुंबीची सायकल न्यायला आलोय. ओरडला असतात तर बरं झालं असतं. मीही ओरडले असते आणि मिटलं असतं. आता काय करू मी? सायकल तर मी देणार नाही. — बसा ना. त्या स्टुलावर नको, एक पाय लंगडा आहे त्याचा. दादा म्हटलेलं चालेल ना? ती सारखी ‘आमचा आनंददादा, आमचा आनंददादा’ करते, माझ्याही तोंडात तेच बसलंय.

हो, माझ्याच हातून झालं ते. गावात तुम्हाला सांगितलं तेच खरं. मिरवणुकीत हार चेनीत अडकला, तो काढायला लुंबीनं बोटं आत घातली, आणि मी पायडल फिरवलं. दोन बोटं गेली, अर्धी अर्धी. उजव्या हाताची. आबा काय म्हणतात — ‘त्या लातूरच्या मॅडमनं माझ्या लेकीची बोटं खाल्ली’, हेच ना? मान खाली घालू नका, मला कळलंय ते. म्हणू द्या. त्यांना म्हणायचा हक्क आहे. पण तुम्ही इतके महिने तिकडे बर्फात होतात, तुम्हाला फोनवर तुकडे तुकडे कळलं असणार, म्हणून सांगते. सायकल का देत नाही ते कळायला सगळंच ऐकावं लागेल.

माझं नेहमी असंच होतं, दादा. मी तयारी करते एकाची आणि समोर येतं भलतंच. पतियाळाला कोच व्हायचं शिकत होते ना, तेव्हा हॉस्टेलच्या गच्चीवर मैत्रिणींना भाषणं देऊन दाखवायचे — मी मराठवाड्यात परत जाणार, तिथल्या पोरींना सायकलवर बसवणार, लोक आडवे येतील, चड्डीवर बोलतील, लग्नाचं काढतील, मी एकेकाला उत्तर देईन. उत्तरं पाठ होती माझी. घरचे म्हणत होते, अगं, पुण्यात नोकरी बघ, लातुरात काय, इथं डॉक्टर-इंजिनिअरचे क्लास चालतात, सायकली नाही. मी म्हटलं, म्हणूनच. आले परत. आणि आडवं कोणीच आलं नाही हो! भांडायला कंबर कसून आलेल्या माणसाची काय गंमत होते, सांगू — त्याला हात कुठं ठेवावेत तेच कळत नाही.

लुंबी कुठं दिसली मला, माहीत आहे? तुम्हाला वाटत असेल कुठल्या शर्यतीत. नाही. नायगावला, सव्वीस जानेवारीला, शाळेच्या मैदानात. मी वेगवान पोरी शोधत हिंडत होते आणि तिथं चालली होती संथ सायकल. जो शेवटी पोहोचेल तो पहिला. मी वैतागून निघालेच होते — म्हटलं, मला पळणाऱ्या पाहिजेत, ह्यांना रांगायचंय. तेवढ्यात बघते तर सगळ्या पोरी पाय टेकवून बाद झाल्यात, आणि मधोमध एक बारकी पोर, आबांच्या टपालाच्या त्या काळ्या दांडग्या सायकलवर, नुसती उभी. हलत नाही. पुढं नाही, मागं नाही. ब्रेक दाबून, हँडल जरासं तिरकं करून, झाडावरचं पाखरू बसावं तशी. पोरं ओरडतायत, ‘ए टपाल, पड की!’, शिट्ट्या मारतायत, आणि ही कोणाकडेच बघत नाही. मास्तरच शेवटी कंटाळले. म्हणाले, ‘बाई, ये आता, झेंडावंदनाचा लाडू वाटायचाय.’

मी परत फिरले, दादा. कारण ट्रॅकवर जी स्प्रिंट असते, दोघींची, त्यात नेमकं हेच लागतं. दोघी सुरुवातीला पळतच नाहीत. जी पुढं जाते तिची पाठ मागचीला दिसते, वारा पुढचीच्या छातीवर येतो, मागची आडोशाला राहते आणि शेवटी झेप घेते. म्हणून दोघी थांबून राहतात — तू हो पुढं, तू हो पुढं. त्या थांबण्यात पोरींचे पाय थरथरायला लागतात. हिला ते थांबणं शिकवायची गरजच नव्हती. विचारलं, कुठं शिकलीस गं? म्हणाली, ‘आबा टपाल द्यायला घरात जातेत, पाणी पितेत, गप्पा मारतेत. मी बाहेर सायकलवर. उतरलं की परत चढता येत न्हाई, सायकल उंच हाय. मग थांबते.’ बघा. एवढंच.

आबांकडं गेले ती माझी भाषणं घेऊनच गेले. तुमच्या ओट्यावर बसले, सुरू करणार — काका, मुलींनाही — तर आबा म्हणतात, ‘घेऊन जा की. मी काय तिला टपालात टाकणार हाय?’ तुमच्या आईनं, कोंडाबाई मावशींनी, चहा दिला. मी सांगितलं, ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नसतात. तर हसले मोठ्यानं — ‘पोरीला ब्रेक न्हाईत ते आमाला माहीत हाय, सायकलीला बी न्हाईत व्हय? चांगली जोडी जमली!’ हे सांगितलं मी, ब्रेकचं. दुसरं नाही सांगितलं. सांगायचं सुचलंच नाही, कारण आम्हा लोकांना ते इतकं अंगवळणी असतं — की ह्या सायकलीला फ्रीव्हीलही नसतं. साध्या सायकलीवर तुम्ही पायडल मारायचं थांबलात तरी चाक फिरत राहतं, टरटर वाजतं. सायकल हातानं ढकलली तरी चेन जागची हलत नाही. ट्रॅकच्या सायकलीत मागचं चाक आणि चेन एकमेकांना बांधलेली. चाक फिरलं की चेन फिरणार, चेन फिरली की पायडल फिरणार. कोणी थांबवू शकत नाही.

असो. ती आली लातूरला. हॉस्टेलला राहिली, पहाटे औशाच्या रस्त्यावर सराव, नवा बायपास अजून उघडला नव्हता, काँक्रीट गुळगुळीत, कुत्री आणि आम्ही. आता मराठवाड्यात कुठं आलाय ट्रॅक? पहिल्यांदा हैदराबादला नेलं तेव्हा लातूरलाच गाडी पकडली, सायकल खोलून मावशींच्या वाकळेत गुंडाळलेली, आणि टीसी विचारतो, ‘काय हाय बाई, पाळणा का?’ लुंबी म्हणते, ‘हाव, माझाच.’ अशी बोलायची ती. आता बोलते का घरी? — नाही ना. वाटलंच.

तो ट्रॅक बघितला आणि कठडा धरून उभी राहिली. वळणावर भिंतीसारखा उभा असतो तो. मला म्हणाली, ‘ताई, हे तर छपरावर सायकल चालवायचं झालं.’ मी म्हटलं, हळू गेलीस तर घसरशील, जोरात गेलीस तर नाही. इतकंच ऐकलं आणि गेली. दादा, माणूस आपल्या जागेवर पोहोचताना मी पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी. राज्य स्पर्धेत पुण्याच्या पोरी, त्यांच्या सायकली कार्बनच्या, सोबत आई, बाबा, फिजिओ — ह्या लुंबीनं त्यांना नुसतं थांबून हरवलं. समोरची पाय रोवून उभी, लुंबी उभी, पंच घड्याळ बघतायत, शेवटी त्या पोरीचाच धीर सुटला आणि ती सुसाट निघाली, आणि ही तिच्या मागच्या चाकाला चिकटून, शेवटच्या वळणावर वरून खाली घारीसारखी. मग राष्ट्रीय ज्युनिअर. तिथं सोनं. मग शिबिराचं बोलावणं, आशियाई स्पर्धेसाठी. मला सगळे विचारत होते, कुठली पोरगी ही? मी मान ताठ करून सांगायचे — नायगावकडची, नांदेड जिल्हा. नकाशात बोट ठेवून दाखवायचे.

तर मिरवणूक. आबांचा फोन आला. म्हणाले, ‘मॅडम, गावानं मिरवणूक ठरवलीया. लुंबीची. आन् आपल्या वस्तीवरून निघून वेशीतून जायाची. वेशीतून. किशनराव सरपंच सोताहून आले सांगाया.’ ते ‘वेशीतून’ दोनदा म्हणाले. मी शहाणी, लातूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, मला आधी कळलंच नाही त्यात काय एवढं. मग म्हणाले, ‘आमच्या बापाचं प्रेत बी त्या रस्त्यानं गेलं न्हाई.’ तेव्हा कळलं. मग मीच म्हटलं, काका, ट्रॅकची सायकलच आणते. ज्या सायकलवर सोनं मिळालं तिच्यावरच बसून जाईल ती. सगळ्या पोरी बघतील. — त्याआधी ती सायकल कधी गावात आलीच नव्हती, इथंच ह्या खुंटीला असायची. आबांनी ती त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. उचलून बघितली एका हातानं. म्हणाले, ‘मायला, कापसाची हाय का काय!’

काय दिवस होता, दादा. विहारापासून निघालो. हलगी, डीजे, दोन्ही. लुंबीला निळा फेटा. कोंडाबाई मावशी कधी नाचत नाहीत म्हणे — नाचल्या. वेशीत किशनरावांनी स्वतः हार घातला, आणि दुसरा हार सायकलला, झेंडूचा, एवढा मोठा, हँडलपासून खाली लोंबणारा. पाटलांच्या घरच्या बाया माळवदावर उभ्या, त्यांच्या पोरी ‘लुंबी, लुंबी’ ओरडतायत. मी किती भांडणांची तयारी करून आले होते आणि इथं भांडायला कोणी नव्हतंच. सगळे प्रेमानंच वागत होते. त्या दिवशी त्या गर्दीत एकही माणूस वाईट नव्हता, हे तुम्ही लक्षात ठेवा. आणि मग पायडल अडलं. हाराची दोरी चेनीत गेली होती, दातेरी चक्रात. लुंबी उतरली, वाकली, बोटांनी झेंडू उपसायला लागली. मी पुढं उभी, तिच्या समोर, दोन्ही हातांनी हँडल धरून, सायकल पडू नये म्हणून. तिला म्हणत होते, सावकाश गं, काही घाई नाही. ती हसत होती. डीजेवाल्यानं गाणं बदललं, गर्दी पुढं सरकली, आणि —

काय?

हो, दोन्ही हातांनी. हँडल. — नाही, म्हणजे एक हात — मग मी एक हात सोडला आणि पायडल — खाली वाकून —

नका असं बघू, दादा.

बरं. ऐकलंत ना. दोन्ही हात हँडलवर होते माझे. पायडलला मी हात लावला नाही. कोणीच लावला नाही.

आबा मागं होते. सीट धरून. पूर्ण रस्ताभर त्यांनी ती सीट सोडली नव्हती, लुंबी म्हणत होती, ‘आबा, सोडा, मला चालवता येती’, तरी सोडली नाही, लहान पोरीला शिकवताना धरतात तशी. हलगी वाजली, पुढचे हलले, आणि त्यांनी ढकललं. जरासं. वीतभर. ‘चला, चला’ म्हणून. आनंदानं. त्यांचं डोकं मागं, लोकांकडं वळलेलं होतं, वर माळवदाकडं हात करून काहीतरी सांगत होते. त्यांचा काय दोष? जन्म गेला त्यांचा सायकलवर, टपाल वाटत. हजारदा पोरानं चेन बसवताना ह्यांनी सायकल पुढं सरकवली असेल. काही होत नाही. ढकलल्यानं चेन फिरत नाही हे त्यांच्याइतकं पक्कं कोणाला माहीत असणार? ह्या एका सायकलची फिरते. चाक वीतभर फिरलं, आणि चेन — तिची बोटं —

ती ओरडली नाही, दादा. एवढंच म्हणाली, ‘ताई, हात.’

पाणी घ्या. त्या माठातलं. घ्या.

नांदेडला दवाखान्यात, संध्याकाळी, डॉक्टरांनी जे उरलं ते शिवलं. शुद्धीवर आली तेव्हा मी एकटीच होते जवळ, मावशी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. मला वाटलं विचारेल, सायकल चालवता येईल का. तेच विचारेल ना कोणी? मी उत्तर तयार ठेवलं होतं — डॉक्टर म्हणालेत पकड येईल, अंगठा आणि दोन बोटं पुष्कळ झाली, वर्षभरात पुन्हा ट्रॅकवर. खोटं नव्हतं ते. येईल पकड. आणि तिनं विचारलं काय? ‘ताई, आबाला कळलं का?’ मी म्हटलं, काय? म्हणाली, ‘ढकललं ते.’ तिला माहीत होतं, दादा. चेन फिरली त्या क्षणीच तिला कळलं होतं कोणामुळं फिरली. म्हणाली, ‘त्यांला कळू देऊ नका. ते जेवायचं सोडतील. मी म्हणते माझंच बोट चुकलं.’ सतराची पोर. मी तिला शब्द दिला नाही. कारण मला पटलं नव्हतं. मी खरं बोलणारी आहे, मला त्याचा अभिमान होता. पोरींना शिकवते मी — फाऊल झाला तर स्वतः हात वर करायचा. मी मनात ठरवलं, सकाळी काकांना शांतपणे सगळं सांगायचं. समजून घेतील. मोठा माणूस आहे.

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकू आपण दोघं. तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय ते. आणि मलाही दर दोन दिवसांनी वाटतं. शिबिरात तिची जागा अजून ठेवलीय त्यांनी, मी हातापाया पडून ठेवायला लावलीय. पण आबा काय म्हणतायत, ऐकलंत ना? पुन्हा बसायचं असंल तर आता मी संगं राहणार, सायकलीचा एकेक नट माझ्या डोळ्यांदेखत बघणार, कोणाच्या भरवशावर सोडणार न्हाई. हेच म्हणालेत ना? बघतील ते. आणि सायकल कळते त्यांना. एकदा चाकाबरोबर चेन फिरताना बघितली की दुसऱ्यांदा बघायची गरज नाही. तिला हे ठाऊक आहे. म्हणून ती म्हणते, मला भीती वाटती, मला नको सायकल. तिला भीती! त्या ट्रॅकच्या भिंतीवरून खाली झेप घेणाऱ्या पोरीला! तुम्हाला वाटलं मी सायकल अडवून ठेवलीय म्हणून ती बसत नाही. तुम्ही सायकल घरी नेलीत ना, तर ती पहिल्याच दिवशी विहिरीत टाकेल. नाहीतर आबा हात लावतील. दोन्हीतलं काय पाहिजे तुम्हाला? मला विचारू नका. मी खूप शिकून आलेय, मला ह्याचं उत्तर कोणी शिकवलं नाही.

ती सकाळ सांगते आणि मग तुम्ही जा.

मावशींनी मला गावाकडं पाठवलं, लुंबीचे कपडे आणायला. आबा आधीच्याच गाडीनं घरी गेले होते, आंघोळ करून येतो म्हणून. मी वाटेत पूर्ण वेळ वाक्यं जुळवत होते. काका, एक सांगायचंय. काका, तुमची चूक नाही. अंगणात गेले तर आबा सायकलपाशी उकिडवे बसलेले. आंघोळ नाही, कालचेच कपडे, कालचा गुलाल. काडीनं चेनीतला झेंडू एकेक पाकळी करून काढत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘मॅडम, मी इचार करून राहिलो. मी जरा ढकलली हुती. पर ढकलल्यानं चेन फिरत न्हाई. मग फिरली कशानं?’ आणि ती काडी खाली ठेवून त्यांनी हात पुढं केला, मागच्या चाकाकडं. नुसतं फिरवून बघायला.

मी पळत गेले आणि चाक धरलं. आरे टोचले हाताला. म्हणाले, ‘काका, मी पायडल फिरवलं. हार सुटावा म्हणून. माझ्याकडून झालं.’

त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि दादा, त्यांच्या तोंडावर आधी सुटका आली. जीव भांड्यात पडल्यासारखी. राग नंतर आला. ती सुटका मी बघितलीय, म्हणून मी तोंड उघडत नाही. मग ते काय काय बोलले ते बोलले. मी सायकल उचलली. ढकलत नेली असती तर पायडल फिरलं असतं त्यांच्यासमोर, म्हणून खांद्यावर घेतली आणि चालू लागले. गाव दारात उभं राहून बघत होतं, पोरीची बोटं घेतली आणि सायकलही घेऊन चालली. तेव्हाच ठरवलं, ही सायकल ह्या घरात पुन्हा टेकवायची नाही.

जा आता, दादा. माझ्या पोरी यायच्या झाल्यात.